ग्रंथांच्या पेट्या गावोगाव धाडणारा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड

झाशीच्या बडा बाजारातून सणासुदीची खरेदी करून परतताना आमच्यापैकी पुष्कळांची पावले आपोआप राणीमहालाकडे वळतात. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना तेथे घेऊन जाणे हा तर आमच्या घरोघरचा रिवाजच होऊन बसला आहे. रंगविलेल्या छताचा तो दरबार, अंगणाभोवती मांडून ठेवलेली प्राचीन शिल्पे, हे सारे आम्ही अभिमानाने दाखवितो. राणीसाहेबांचे नाव निघताच पाहुण्यांचे डोळे पाणावतात आणि आमचीही छाती भरून येते. मात्र झाशीकर नेवाळकरांची एक दौलत आम्ही कोणालाच दाखवू शकत नाही, कारण ती दाखविण्यासाठी उरलेलीच नाही. ती दौलत म्हणजे त्यांचे ग्रंथालय.

राणी लक्ष्मीबाईसाहेबांचे पती गंगाधरराव हे नाट्यकलेचे भोक्ते म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु ते ग्रंथांचेही तितकेच मोठे चाहते होते. संस्कृत हस्तलिखितांचा फार मोठा संग्रह त्यांच्या पदरी होता. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वरसई गावचे विष्णुभट गोडसे सत्तावन्नच्या धामधुमीत उत्तरेत आले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. पुढे त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजी फौजा शहरात शिरल्यानंतरच्या लुटीत हे ग्रंथालय कसे उद्ध्वस्त झाले, याची हकीकत त्या भिक्षुकाने मोठ्या कळवळ्याने नोंदवून ठेवली आहे. सोन्यानाण्याची लूट पुन्हा मिळविता येते. जी पोथी जगात एकच असते, ती एकदा गेली की कायमचीच जाते.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही चरित्र लिहावयास घेतले आहे ते मात्र झाशीच्या राजाचे नव्हे, तर बडोद्याच्या राजाचे. वाचकांना याचे नवल वाटेल. परंतु या दोन गाद्यांच्या कथा एका धाग्याने जोडलेल्या आहेत, आणि तो धागा आहे दत्तकाचा. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. मृत्यूच्या आदल्याच दिवशी त्यांनी एका लहान मुलाला मांडीवर घेतले होते. तोच दामोदरराव. लॉर्ड डलहौसीने हे दत्तविधान मान्य केले नाही आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. सत्तावन्नच्या उठावाने सरकारला धडा मिळाला. उठावानंतर संस्थानिकांचा दत्तक घेण्याचा हक्क मान्य करण्यात आला. म्हणूनच १८७५ साली बडोद्याची गादी रिकामी झाली तेव्हा तेथे एक दत्तक मुलगा राजा होऊ शकला. झाशीच्या बालकाला जे नाकारले गेले, ते एकवीस वर्षांनी बडोद्याच्या बालकाला लाभले. आणि झाशीला ग्रंथांचे जे वैभव गमवावे लागले, त्याहून वेगळ्या जातीचे वैभव त्या बालकाने मोठेपणी बडोद्यात उभे केले. इतिहासाने असा हिशेब जाणूनबुजून मांडला असे आमचे म्हणणे नाही. पण झाशीत राहणाऱ्या मराठी माणसाला तो दिसल्यावाचून राहत नाही.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळराव आणि वडिलांचे नाव काशीराव. गायकवाड घराण्याची ही दूरची शाखा शेतीवर गुजराण करणारी होती. गुरे राखणे, शेतात राबणे हेच त्या मुलाचे जग. इकडे बडोद्यात मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने १८७५ च्या एप्रिलमध्ये पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याची तीन मुले बडोद्यास आणण्यात आली आणि त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळरावांची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी ते सयाजीराव म्हणून गादीवर बसले.

त्या दिवशी या नव्या राजाला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या चरित्रातील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे आम्हांला वाटते. ज्या वयात आपली मुले सहावी-सातवीच्या वर्गात असतात, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरे गिरवावयास बसला. राजवाड्यातील शाळेत एफ. ए. एच. इलियट हे त्यांचे शिक्षक नेमले गेले आणि राजकारभाराचे धडे दिवाण सर टी. माधवराव यांनी दिले. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा भाषा एकदमच शिकावयाच्या होत्या. बालपणी पुस्तक हाती न आलेल्या माणसाला पुस्तकाची किंमत जितकी कळते, तितकी ती पुस्तकांच्या घरात जन्मलेल्याला बहुधा कळत नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढची सत्तावन्न वर्षे जे राज्य केले, त्यात ही जाणीव कोठेही मावळलेली दिसत नाही.

कारभार हाती आल्यावर थोड्याच काळात, ज्यांना तेव्हा अंत्यज म्हणत त्यांच्या मुलांसाठी त्यांनी सरकारी शाळा उघडल्या. १८९३ साली काठेवाडातील अमरेली महालात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी आरंभिला. मुलींनाही त्यातून वगळले नाही. तेरा वर्षे अनुभव घेऊन १९०६ साली सबंध संस्थानाला तो कायदा लागू केला. ब्रिटिश मुलुखात त्या वेळी या गोष्टीची नुसती मागणी चालली होती.

परंतु महाराजांच्या दृष्टीस एक व्यंग पडले. खेड्यातला मुलगा चार-पाच यत्ता शिकतो, शाळा सोडतो आणि शेतावर जातो. घरी पुस्तक नाही, गावात पुस्तक नाही. दहा वर्षांत तो अक्षरे विसरून पुन्हा निरक्षर होतो. मग शाळेवर झालेला खर्च कोणाच्या उपयोगी पडला? वाचावयास शिकविणे हे अर्धेच काम असून वाचावयास देणे हे उरलेले अर्धे काम आहे, हे त्यांनी नेमके ओळखले. त्याच सुमारास मोतीभाई अमीन नावाच्या एका तळमळीच्या शिक्षकाने गुजरातच्या खेड्यांतून 'मित्रमंडळ' या नावाने लहान लहान वाचनालये काढावयास सुरुवात केली होती. महाराजांनी अशा प्रयत्नांमागे संस्थानचे बळ उभे केले.

१९१० च्या परदेश प्रवासात त्यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन १९१० पासून १९१३ पर्यंत बडोद्यात राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथांच्या वर्गीकरणाची पद्धत आखली आणि १९११ साली ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग काढला. अशा प्रकारचा भारतातला हा पहिलाच वर्ग मानला जातो. १९१२ साली इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून ग्रंथालयविषयक नियतकालिकही सुरू झाले. महाराजांनी राजवाड्यातला आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खाजगी संग्रह या लोकांच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. राजाचे ग्रंथ राजवाड्यात राहिले की ते एका संकटात नष्ट होतात, ही झाशीची कथा. राजाचे ग्रंथ प्रजेच्या घरोघर गेले की ते नष्ट करणे कोणाच्याही हाती उरत नाही, ही बडोद्याची कथा.

या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी निराळा विभाग होता आणि मुलांसाठीही निराळा होता. आमच्या आजच्या विषयाला हा बालविभाग अगदी जवळचा आहे. मोठ्यांच्या कपाटांतील एखादा खालचा कप्पा मुलांना देऊन तेथे काम भागविलेले नव्हते. मुलांच्या विभागात चित्रांची पुस्तके होती, गोष्टींची होती आणि जोडीला खेळही होते. खेळावयास म्हणून आलेले मूल चित्रे चाळावयास लागते, चित्राखाली काय लिहिले आहे हे त्याला जाणून घ्यावेसे वाटते आणि तेथूनच वाचनाचा प्रारंभ होतो, हा त्यामागचा साधा विचार. मुलाने मुकाट्याने बसावे, पानाला हात लावू नये, अशी शिस्त ज्या काळात सर्वत्र रूढ होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे त्याचे प्रांत इतर राज्यांच्या मुलुखांमध्ये विखुरलेले होते. तेव्हा राजधानीत एक मोठे ग्रंथालय बांधून खेड्यातल्या मुलाचे काय भले होणार? यासाठी फिरत्या ग्रंथालयांची योजना झाली. मजबूत लाकडी पेट्या करून घेतल्या. एकेका पेटीत साधारण पंधरा ते तीस निवडक पुस्तके भरावयाची आणि ती पेटी गावी पाठवावयाची. जाण्यायेण्याचे भाडे संस्थान देई. गावाने फक्त पुस्तके सांभाळून वाचावयाची. काही काळाने पेटी परत येई आणि दुसरी जाई. अनेक गावी शाळामास्तर हेच ग्रंथपालाचे काम पाहत, त्यामुळे गावाचे वाचनालय आणि वर्गाचे वाचनालय यांत फारसे अंतर राहत नसे. ज्यांना अक्षरओळखच नव्हती, अशांसाठी मॅजिक लँटर्नची चित्रे आणि चलच्चित्रे दाखविणारा एक स्वतंत्र विभागही ग्रंथालय खात्यात होता.

येथे एक अडचण उभी राहिली. मुलांनी वाचावीत अशी पुस्तके देशी भाषांत होती कोठे? पेट्या तयार होत्या, पण त्यांत नाना विषयांची सोपी पुस्तके भरावयाची तर ती आधी लिहवून घेतली पाहिजेत. १९१२ साली महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्याच्या व्याजातून 'श्री सयाजी साहित्यमाला' आणि मुलांसाठी 'श्री सयाजी बालज्ञानमाला' अशा दोन मालांतील पुस्तके निघू लागली. चरित्रे, इतिहास, विज्ञान, आरोग्य, प्रवास, कलाकौशल्य असे नानाविध विषय त्यांत येत. प्रजा मुख्यतः गुजराती, राजघराणे आणि अंमलदारांपैकी पुष्कळ मराठी; म्हणून दोन्ही भाषांची सोय पाहिली गेली. आपली भाषा जपण्यासाठी शेजाऱ्याच्या भाषेचा अव्हेर करावा लागत नाही, हे या मराठी राजाने गुजरातेत राहून दाखवून दिले.

पैशाच्या बाबतीतही महाराजांची एक खास पद्धत होती. गावाने ग्रंथालयासाठी काही रक्कम उभी केली, तर तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. म्हणजे एक तृतीयांश वाटा लोकांचा. सगळेच पैसे देणे सरकारला अशक्य होते असे नाही; पण फुकट आलेल्या वस्तूकडे लोक परकेपणाने पाहतात आणि स्वतःचा रुपया घातलेल्या कपाटाची किल्ली जपून ठेवतात, हा मनुष्यस्वभाव त्यांनी जाणला होता. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या खात्याची धुरा वाहिली आणि १९१९ साली या चळवळीचा इतिहास इंग्रजीत ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला.

लोकांच्या वाचनाकडे पाहताना महाराजांनी विद्वानांना विसरले नाही. संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेण्यासाठी त्यांनी माणसे धाडली. १९१६ साली राजशेखराच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथाने 'गायकवाड्स ओरिएंटल सिरीज' या मालेचा आरंभ झाला आणि पुढे १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्रपणे उभे राहिले. झाशीच्या लुटीत ज्या प्रकारचे धन गेले, त्याच प्रकारचे धन येथे वेचून, छापून, जगाला वाटले गेले.

चरित्र लिहिताना केवळ गौरव करणे बरे नव्हे. महाराजांच्या काही इच्छा अपुऱ्या राहिल्या, याचाही उल्लेख केला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाता आले, हे सर्वश्रुत आहे. परंतु शिकून आलेले तेच आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना आणि अपमान सोसून त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाच्या हुकुमाने शाळा उघडते, शिष्यवृत्ती मिळते, पुस्तकांची पेटी गावात येते. शेजाऱ्याच्या मनाचे दार मात्र हुकुमाने उघडत नाही. ते काम समाजाने स्वतः करावयाचे असते आणि तेथे पुष्कळदा समाजच उणा पडतो.

महाराजांच्या खाजगी आयुष्यातही दुःखे कमी नव्हती. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ साली अकाली निवर्तल्या. १९०८ साली युवराज फत्तेसिंगराव गेले. प्रकृती सतत बिघडत असे आणि त्यासाठी वारंवार परदेशी जावे लागे. त्याबद्दल टीकाही होई. पण प्रत्येक प्रवासातून ते काही ना काही पाहून, टिपून आणीत आणि आपल्या राज्यात लावून पाहत. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात स्थापन झाले. गादी गेली, मध्यवर्ती ग्रंथालय मात्र आजही उभे आहे.

आता थोडे आमच्याविषयी. पन्नास वर्षांपूर्वी मंडळ स्थापन झाले तेव्हा पहिल्या वर्षांतच आम्ही एक कपाट घेतले आणि घरोघरून मराठी पुस्तके गोळा केली. आज त्या कपाटात पुस्तके भरपूर आहेत. कुलूपही मजबूत आहे. पण देवघेवीची वही उघडून पाहिली तर गेल्या कित्येक वर्षांत तीत एकाही मुलाचे नाव नाही. मुले वाचत नाहीत म्हणून आम्ही आजवर मुलांना बोल लावीत आलो. हे चरित्र लिहिताना आम्हांलाच आमची चूक उमगली. त्या कपाटात मोठ्यांनी वाचून झालेल्या कादंबऱ्या आहेत, पोथ्या आहेत, जुने दिवाळी अंक आहेत. नऊ वर्षांच्या मुलाने हातात घ्यावे असे त्यांत काय आहे? घरात नको झालेले आम्ही मंडळाला दिले आणि मंडळाला नको झालेले मुलांपुढे ठेवले.

झाशीतल्या मराठी मुलांची एक जमेची बाजू आम्ही कधी लक्षात घेतली नाही. ती शाळेत हिंदी शिकतात. म्हणजे देवनागरी लिपी त्यांना अवगतच आहे. एवढासा 'ळ' सोडला तर त्यांना नवे अक्षर शिकावयाचे नाही. अडचण अक्षरांची नाही, सवयीची आणि निवडीची आहे. एकाला क्रिकेट हवे, एकीला ग्रहतारे हवेत, कोणाला भुताची गोष्ट, तर कोणाला चित्रे पुष्कळ आणि मजकूर थोडा हवा. सगळ्यांच्या हाती एकच संस्कारक्षम पुस्तक देऊन आपण वाचक घडवू शकत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात, रविवारच्या आमच्या मराठी वर्गासाठी, तीन पेट्या करावयाचे आम्ही ठरविले आहे. प्रत्येकीत पंचवीस पुस्तके असतील. पहिलीत लहानांसाठी चित्रकथा आणि बडबडगीते. दुसरीत साने गुरुजींच्या गोष्टी, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, 'किशोर' मासिकाचे अंक, विज्ञानाची आणि खेळांची पुस्तके. तिसरीत मोठ्या मुलांसाठी चरित्रे आणि प्रवासवर्णने. या तिसऱ्या पेटीत विष्णुभट गोडसे असतील, दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी लिहिलेले राणीसाहेबांचे चरित्र असेल आणि शेजारीच याच झाशीच्या वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरीही असेल. पेट्यांना कुलूप नसेल. दर दोन महिन्यांनी त्या एका घरातून दुसऱ्या घरी जातील, म्हणजे शहराच्या दूरच्या भागात राहणाऱ्या कुटुंबांनाही त्या पोचतील. खर्चाचा एक भाग मंडळ देईल, एक भाग पालक देतील आणि एक भाग मुले आपल्या खाऊच्या पैशांतून जमवितील. वर्षाकाठी नव्या पुस्तकांपैकी एक तृतीयांश पुस्तके मुलांनीच निवडावयाची, त्यात वडीलधाऱ्यांनी ढवळाढवळ करावयाची नाही. पुस्तक फाटले तर रागवावयाचे नाही. फाटलेले पुस्तक हे वाचलेल्या पुस्तकाचे लक्षण मानावयाचे.

पेट्या भरण्यासाठी वाचकांनी हातभार लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे. फक्त एवढेच पाहावे की, घरात नको झालेले पुस्तक देऊ नये. देताना ज्याचा मोह सुटत नाही असेच द्यावे. बडा बाजारातून जाताना आपण राणीमहालाला हात जोडतोच. तेथून गेलेल्या पोथ्या आता परत येणार नाहीत. पण त्याच वाटेने एखादे मूल काखेत मराठी पुस्तक घेऊन मित्राच्या घरी निघालेले दिसले, तर सुवर्णमहोत्सवाचे चीज झाले असे आम्ही समजू.